काळ्या बेटाचे मुकादम सर

पैसे भरून आलेल्या पाहुण्याला "खाली बसा" म्हणून दटावणारा गाईड मी आयुष्यात एकच पाहिला. ते आमचे मुकादम सर. दटावणी साधीसुधी नसे. वर्गात मागच्या बाकावर खुसफुस चालली की मास्तर फळ्याकडे तोंड ठेवूनच ज्या आवाजात बोलतो, तो आवाज. जर्मन असो, दुबईहून आलेला बँकवाला असो नाहीतर पुण्याचं नुकतंच लग्न झालेलं जोडपं असो, सगळे मुकाट खाली बसत. आमच्या अर्बाबला, म्हणजे बोटीच्या ओमानी मालकाला, सुरुवातीला याची धडकीच भरायची. मग त्याच्या लक्षात आलं की दटावून घेतलेली माणसंच पुढच्या हिवाळ्यात भावंडांना घेऊन परत येतात.

आमची बोट लाकडी, दोन डोलकाठ्यांची. मस्कतजवळच्या बरक्याहून निघायची. उन्हाळ्यात जवळपासच्या दिवसभराच्या सहली आणि थंडीत मोठी सफर: आधी सूर बंदर, मग वळसा घालून दक्षिणेला मसिरा आणि त्याच्याही पुढची निर्जन बेटं. पाहुणे डझनभरच. मी मस्कतच्या अल् घुब्र्यात राहणारी बाई, नवरा बौशरला एका ऑफिसात, मुलगी शाळेत. बुकिंग बघायला म्हणून कामाला लागले आणि हळूहळू बोटीचं स्वयंपाकघरच माझ्या गळ्यात पडलं. मोठ्या सफरीला मी बरोबर जायची. नवरा म्हणायचा, "लोक पैसे देऊन जातात, तू पगार घेऊन जातेस." त्याला काय सांगणार, की समुद्र उसळला की डझनभर माणसांची आमटी कशी सांभाळायची असते.

सर मूळचे रत्नागिरीकडचे, कोकणी मुसलमान. माझं माहेर गुहागरचं कळल्यावर पहिल्याच दिवशी मला "बाय" म्हणायला लागले. त्याआधी ते मस्कतमध्ये एका शाळेत जीवशास्त्र शिकवायचे. दहावीच्या मुलांना ऐन परीक्षेच्या तोंडावर ओहोटीच्या वेळी किनाऱ्यावर नेऊन गुडघाभर चिखलात उभं केलं, आणि पालकांनी बोंब मारली. त्यांची ती नोकरी तिथेच संपली. ही हकिगत सांगताना ते स्वतःच हसायचे. "पोरांना खेकड्याचे पाय मोजायला सांगितले गो. पालक म्हणाले, पुस्तकात दिलेत की."

बायको लवकर गेली होती, मुलगा कॅनडात. गावाला घर होतं, पण जायचं नाव काढत नसत. खोलीवर मन लागत नाही म्हणून सफर नसली तरी बोटीवर येऊन बसायचे. मी बिनदुधाचा सुलेमानी चहा करून द्यायची, लिंबू भरपूर पिळून. बरोबर त्यांनी स्वतः भाजून आणलेली जवळ्याची चटणी असे. तिच्या वासाने बोटीवरची गोरी माणसं नाकाला रुमाल लावत आणि दुसऱ्या दिवशी तीच माणसं ताटली पुढे करत.

सफर सुरू झाली की पहिलं काम म्हणजे माझा पुलावाचा टोप मागून घ्यायचा. तो घेऊन डेकवर फिरायचे आणि सगळ्यांचे फोन, कॅमेरे त्यात जमा करायचे. वर झाकण. "पहिला तास डोळ्यांचा," म्हणायचे. "मग तुमच्या मशिनी." एका बाईने विचारलं, या तासात काही मोठं दिसलं तर? सर म्हणाले, "तर मग तुमच्याजवळ ते राहील, आणि इन्स्टाग्रामजवळ राहणार नाही." टोप मात्र मला दर खेपेला घासून घ्यावा लागे, याचा त्यांनी कधी विचार केला नाही.

ते कधी कसलंही वचन द्यायचे नाहीत. एक गृहस्थ एकदा फारच तापले. देवमासा दाखवतो असं जाहिरातीत म्हटलंय, मी त्याचे पैसे भरलेत, आणि गेले तीन दिवस मी फक्त पाणी बघतोय. सरांनी ऐकून घेतलं आणि शांतपणे विचारलं, "देवमाशाला कळवलंय का कुणी?" बोट हसून लोळली. संध्याकाळी ते गृहस्थ रुसून खाली केबिनमध्ये झोपले आणि नेमका तेव्हाच देवमासा बोटीच्या जवळ वर आला, श्वास सोडून, पाठ दाखवून, सावकाश शेपूट वर करून गेला. सरांनी कुणालाही त्यांना उठवू दिलं नाही असं मला वाटलं होतं. पण तेच धावत खाली गेले होते, दार बडवत होते. गृहस्थ वर आले तेव्हा पाण्यावर गोल डाग तेवढा उरला होता. सरांना त्याचं इतकं वाईट वाटलं की जेवताना त्यांनी आपली चटणीची बाटली त्या माणसाला देऊन टाकली.

या देवमाशांबद्दल ते एक गोष्ट दर सफरीला सांगत. जगातले बाकीचे देवमासे थंडीला एका समुद्रात, उन्हाळ्याला दुसऱ्या. आपला अरबी समुद्रातला मात्र कुठेच जात नाही. इथेच जन्मतो, इथेच गातो, इथेच मरतो, आणि आता फार थोडे उरलेत. "याला सुट्टीत जायला गाव नाय," म्हणायचे. पाहुणे हसायचे. मी आणि नाखुदा खमीस हसायचो नाही. खमीस सूरचा, आमच्या बोटीचा कप्तान, दिवसाला चार वाक्यं बोलणारा माणूस. सरांशी त्याचं मेतकूट अरबी, हिंदी आणि खाणाखुणा यांच्यावर चाले.

मसिऱ्याकडची काही बेटं आणि खडक काळेकुट्ट आहेत. पाहुण्यांना छोट्या होडीतून तिथे उतरवलं की सर सगळ्यांना खडकावर तळहात टेकवायला लावत. दगडाचे गोल गोल फुगे एकावर एक रचलेले असतात. "हा लाव्हा. समुद्राच्या तळाशी फुटला, पाण्यात येताच थिजला, म्हणून असा गोळे गोळे झाला. मग कोट्यवधी वर्षांनी तळच वर आला. तुम्ही समुद्राच्या तळाला हात लावताय." मग गप्प. कुणी लगेच पुढचा प्रश्न विचारला की डोळे वटारत. मला त्यांचं हे गप्प बसणं फार आवडायचं. आमच्या घरात कुणी गप्पच बसत नाही.

आता जे सांगायचं आहे ते सांगायला मला बरं वाटत नाही. पण ते टाळलं तर सर म्हणजे एक गमतीदार म्हातारा होऊन बसतील, आणि तसे ते नव्हते.

आमच्या मराठी मंडळाने एका वर्षी त्यांचं व्याख्यान ठेवलं. मुलांना निसर्गाची गोडी लागावी, वगैरे. सरांनी मन लावून तयारी केली. किनाऱ्यापासून जवळच वाळूचा एक लहानसा उंचवटा होता, त्यावर उन्हाळ्यात सुरय पक्षी अंडी घालतात. घरटं नाही, काडी नाही, नुसत्या वाळूवर अंडं. आई वर पंख पसरून उभी राहते. ऊब द्यायला नव्हे, सावली द्यायला. ती बाजूला झाली तर अंडं थोड्या वेळात उन्हात शिजतं. सरांनी हे असं सांगितलं की बायकांच्या डोळ्यांत पाणी आलं. मुलं नेहमी आपसात इंग्रजी फाडतात, तीसुद्धा अडखळत मराठीत प्रश्न विचारायला लागली. शेवटी कुणीतरी विचारलं, सर, हे नेमकं कुठे आहे हो? आणि आनंदात असलेल्या सरांनी सांगून टाकलं.

पुढच्याच शुक्रवारी मंडळातली सात-आठ कुटुंबं भाड्याच्या होड्या करून तिथे गेली. दुष्टपणाने नाही. सरांच्या प्रेमापोटीच गेली. मुलांना पक्षी दाखवायला. बरोबर बिर्याणीचे डबे, छत्र्या, गाणी. पक्षी उडाले आणि वर घिरट्या घालत ओरडत राहिले, तेव्हा मुलांना वाटलं की ते आपलं स्वागत करताहेत. मंडळाच्या ग्रुपवर फोटो आले. सर्वांच्या हसऱ्या चेहऱ्यांच्या मागे आकाशभर पांढरे पक्षी. खाली लिहिलं होतं, "मुकादम सरांना मनापासून धन्यवाद."

सर दुसऱ्या दिवशी खमीसला घेऊन तिथे जाऊन आले. परत आल्यावर माझ्या स्वयंपाकघराच्या दारात बसून राहिले. मी मंडळाच्या लोकांना तोंडाला येईल ते बोलत होते. ते म्हणाले, "त्यांना कशाला बोलतेस? त्यांनी काय केलं? मी सांगितलं म्हणून गेली. माझ्या तोंडानं मेली ती पिलं." मग उठता उठता, "चांगली माणसं हायत गो सगळी. त्याचंच भय वाटतं."

त्या दिवसापासून त्यांचं तोंड शिवलं गेलं. पाहुण्यांना ते दाखवायचं ते दाखवत, पण जागेचं नाव कधी सांगत नसत. कुणी फोनवर नकाशा उघडला की त्यांचा चेहरा आंबायचा. "कागदावर आलं की नकाशावर येतं, नकाशावर आलं की होडी येते," हे त्यांचं पालुपद झालं. मला ते तेव्हा पटत होतं. शिकलेला माणूस इतक्या ठामपणे काही बोलला की आपल्याला पटतंच.

त्यानंतरच्या एका थंडीत मसिऱ्याच्या पुढे आमचं इंजिन बिघडलं. खमीसने एका काळ्या खडकाच्या आडोशाला नांगर टाकला. बेट म्हणायचं तर म्हणा. पाणी नाही, झाड नाही, वाळूची चिमूटभर पट्टी आणि वर सगळा तोच फुगलेला काळा दगड. पाहुणे जेवून आडवे झाले होते. सर कठड्याशी दुर्बीण घेऊन उभे होते, आणि एकाएकी त्यांनी माझं मनगट घट्ट धरलं. बांगडी रुतली.

दगडातल्या एका भोकातून पांढराशुभ्र पक्षी बाहेर आला. चोच लालभडक, आणि शेपटीला दोन पिसं, अंगापेक्षा लांब, मागे हवेत लहरत. मग दुसऱ्या भोकातून दुसरा. सर त्याला 'लांबशेपट्या' म्हणायचे. खुल्या समुद्रावर एखाद-दुसरा दिसे, पण तो घर कुठे करतो हे त्यांना या बाजूला कधी सापडलं नव्हतं. ते आम्हाला होडीतून जवळ घेऊन गेले, मला आणि खमीसला. एका भोकात पक्षी अंड्यावर बसला होता. आम्ही हात लांबवला असता तर लागला असता. तो नुसता आमच्याकडे बघत राहिला.

"हा असाच," सर कुजबुजले. "एकच अंडं. आणि पाय इतके मागे की जमिनीवर चालता येत नाय, पोटावर सरकतो. आकाशात राजा. जमिनीवर याच्याइतकं गरीब कुणी नाय. कुणी आलं तर उठून पळणार पण नाय."

त्यांनी आमच्याकडून वचन घेतलं. ते स्वतः कधी वचन देत नसत, म्हणून ते लक्षात राहिलं. खमीसने छातीवर हात ठेवला आणि म्हणाला, "खलास." म्हणजे विषय संपला.

तेव्हापासून प्रत्येक सफरीत पाहुणे दुपारी पेंगले की आम्ही काळ्या बेटाच्या आडोशाला थांबायचो. पाहुण्यांनी विचारलं तर सर म्हणत, "दगड आहे." मग होडीतून जाऊन भोकाभोकापुढे हजेरी घेत. प्रत्येक जोडीला त्यांनी आपल्या जुन्या विद्यार्थ्यांची नावं दिली होती. "बिजू? हजर. फातिमा? हजर. सुप्रिया जोशी आज उशिरा." एका भोकातलं पिल्लू फारच आरडाओरडा करायचं, त्याला माझ्या मुलीचं नाव होतं. घरी येऊन मी ते तिला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "मम्मा, दॅट्स सो मीन," पण दर सफरीनंतर विचारायची की ती कशी आहे. माझ्या आठवणीत सर सुखी असे तेव्हाच होते, त्या होडीत, डोक्यावर शाळेची जुनी पांढरी टोपी घालून, दगडाशी हळू आवाजात बोलताना.

मग डॉक्टर रहमा आल्या. तरुण ओमानी बाई, समुद्री पक्ष्यांचा अभ्यास केलेली. किनाऱ्यालगतच्या सगळ्या लहान बेटांची पाहणी करायचं काम त्यांच्याकडे आलं होतं. कुठे पक्षी वीण करतात ते बघायचं, म्हणजे ती बेटं बंद ठेवता येतील. बाकीची पर्यटनाला खुली करायला हरकत नाही. त्यांनी हे सगळं सरांना माझ्यासमोर, चहा पिता पिता, स्वच्छ सांगितलं होतं. त्या आमचीच बोट घेऊन निघाल्या, कारण सगळे म्हणाले की तो समुद्र मुकादम उस्तादांइतका कुणाला ठाऊक नाही. त्या त्यांना 'उस्ताद'च म्हणायच्या. त्यांच्या प्रत्येक शब्दावर मान डोलवायच्या.

काळं बेट आलं तेव्हा समुद्र तेलासारखा शांत होता. सर खमीसला म्हणाले, "त्या बाजूला लाटा फार आहेत. होडी लागणार नाही. आणि तिथे नुसता दगड आहे." खमीसने सपाट पाण्याकडे पाहिलं, सरांकडे पाहिलं, आणि सुकाणू वळवलं. डॉक्टरांनी विचारलं, "उस्ताद, काहीच नाही का?" सर म्हणाले, "पाणकावळे बसतात कधीकधी." त्याच वेळी डॉक्टरांना त्यांनी दुसऱ्या बाजूची कासवं दाखवली, आणि त्या खूश होऊन तिकडे धावल्या. मला आपलं वाटलं, सर म्हणतात ते बरोबरच असणार. रात्री जेवताना त्यांनी मला एवढंच म्हटलं, "वाचलं, बाय."

पुढच्या थंडीत आम्ही काळ्या बेटाशी आलो तर तिथे फळ्यांचा धक्का बांधलेला. वाळूच्या पट्टीवर पांढरे तंबू. कुठल्याशा कंपनीला श्रीमंत पाहुण्यांसाठी निर्जन बेटावर मुक्कामाची सोय करायची होती. पक्ष्यांचं एकही घरटं नसलेलं असं बेट त्यांना हवं होतं, आणि ते सरकारी पाहणीत सापडलं होतं.

सर होडीतून उतरले. मी बरोबर होते. तंबूंच्या मागे कामगारांची एक खोपटी होती, आणि तिच्या दारात सांगलीकडचा एक स्वयंपाकी कांदे चिरत बसला होता. मराठी ऐकून तो हरखला. किती महिन्यांत मराठी कानावर पडलं नव्हतं म्हणाला. बसा म्हणाला, चहा टाकतो म्हणाला. पायाशी एक पिवळी मांजर आणि तिची पिल्लं लोळत होती. "धान्याच्या पोत्यांतनं उंदरं आली वो इथं, म्हणून आणली हिला. लई गुणाची. ह्या खडकावर दुसरं हाय कोण आपल्याला?" त्याने तिच्या डोक्यावरून हात फिरवला. "आन् शिकारी तर अशी, रोज कुठनं तरी पांढरं पाखरू धरून आणती. म्हंजे बघा, उडणारं पाखरू!"

त्याच्या खोपटीच्या दाराला त्याने शोभेसाठी पिसं खोचली होती. लांब, पांढरी.

सरांनी त्याच्या हातून कप घेतला. चहा पूर्ण प्याले. "अल्हम्दुलिल्ला, चांगला झालाय," म्हणाले. मग खडकाकडे गेले, आणि मी पहिल्यांदा त्यांना भोकापुढे नुसतं उभं असलेलं पाहिलं. कुणाचंही नाव घेतलं नाही. एका भोकात अंडं होतं, थंड. सरांनी ते हातात घेतलं आणि बराच वेळ तसंच धरलं. मला वाटतं त्यांना ते परत कुठे ठेवायचं कळत नव्हतं. मी रडत होते, आणि रागाने रडत होते. कुणावर रागवायचं तेच समजत नव्हतं. त्या स्वयंपाक्यावर? त्याच्या मांजरीवर? मग मी सरांवरच ओरडले. "त्या बाईंना सांगितलं असतं तर? नुसतं सांगितलं असतं तर?"

"होय," सर म्हणाले. "मागं सांगितलं म्हणून गेलं. आता नाय सांगितलं म्हणून गेलं." आणि माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी त्यांची परीक्षक आहे आणि याचं उत्तर मला माहीत आहे.

परत आल्यावर त्यांनी स्वतः डॉक्टरांना फोन करून सगळं सांगितलं. त्या बरक्याला बोटीवर आल्या. मी तयारीत होते की आता बाई भडकणार. त्या भडकल्या नाहीत. सरांच्या समोर येऊन उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "माझी सही आहे त्यावर, उस्ताद. 'इथे वीण नाही,' असं मी लिहिलंय. तुम्ही म्हणालात म्हणून." सरांनी मान खाली घातली. एवढ्या पाहुण्यांना दटावणारा माणूस, शाळेतल्या पोरासारखा मान खाली घालून उभा होता. मला बघवेना म्हणून मी आत गेले.

डॉक्टरांनी खूप धावपळ केली. परवानगी रद्द व्हायला वेळ लागत होता, आणि शेवटी ती रद्द करायची गरजही उरली नाही. तिथे वारा इतका सुटायचा की पाहुणे एक रात्र काढून परत जायचे. कंपनीने तंबू उचलले, कामगार नेले. मांजरं तिथेच राहिली. ती पुढच्या वर्षी खडकावर हाडकुळी होऊन फिरताना दिसली, आमच्या होडीकडे बघून केविलवाणी ओरडत. डॉक्टरांनी माणसं पाठवून ती पकडून नेली. पण पक्षी परतले नाहीत. आम्ही तिथे थांबत राहिलो. दुपारी पाहुणे पेंगायचे आणि सर होडी सोडायला सांगायचे नाहीत.

त्यांच्यातला आवाज गेला. पाहुणे उभे राहिले तर उभे, बोलले तर बोलले. माझा टोप मागायला येईनासे झाले. अर्बाब म्हणाला, म्हातारा थकला. व्हिसा नव्याने करायचा नाही असं सरांनी स्वतःच ठरवलं आणि गावी जायचं नक्की केलं. "तिथं काय करणार?" मी विचारलं. म्हणाले, "काय करणार, बाय. घराच्या पडवीत बसणार."

त्यांच्या शेवटच्या सफरीला डॉक्टर रहमा स्वतःचं तिकीट काढून आल्या. त्या कशासाठी आल्या ते मला सकाळी न्याहारीला कळलं. पाहुणे उठायच्या आधी त्या सरांच्या समोर बसल्या आणि म्हणाल्या, "उस्ताद, तुम्ही चाललात. एवढी वर्षं या पाण्यात फिरलात. तो पक्षी या किनाऱ्याला आणखी कुठेतरी असेल. असेल तर मला सांगा. मी आधीच ते बेट बंद करून घेईन, कुणी मागायच्या आत. या वेळी मी तुमच्यासमोर लिहीन." मग आवाज खाली आणून त्या म्हणाल्या, "नाहीतर पुन्हा तेच होईल. तुम्हाला माहीत आहे."

सरांनी कपातला चहा बराच वेळ ढवळला. त्यात साखर नव्हती.

"नाही," ते म्हणाले. "एकही जागा नाही. ते शेवटचं होतं."

डॉक्टरांनी त्यांच्या हातावर हात ठेवला. त्यांचे डोळे भरले होते. मी त्यांना पोहे वाढले आणि दुसरीकडे बघितलं. ते शेवटचं होतं हे ऐकून मलाही गलबलून आलं होतं.

दुपारपर्यंत आम्ही बरंच दक्षिणेला आलो. डाव्या अंगाला डॉल्फिनची मोठी टोळी उसळत आली आणि सगळी बोट तिकडे धावली. मी चहाचा ट्रे घेऊन वर आले तर सर कठड्याशी, डॉक्टरांच्या अगदी शेजारी उभे. डॉल्फिनला त्यांनी कधी काडीची किंमत दिली नव्हती. "ते काय, रोज दिसतात," म्हणायचे. आज मात्र भरभरून बोलत होते. हात करून दाखवत होते, ते बघा पिल्लू, ती बघा आई. कित्येक महिन्यांत त्यांचा असा आवाज ऐकला नव्हता. मला इतकं बरं वाटलं की मी ट्रे घेऊन तशीच उभी राहिले.

उभी राहिले म्हणूनच मला दिसलं. बोटीच्या उजव्या बाजूला, जिकडे कुणाचंच लक्ष नव्हतं, दोन पांढरे पक्षी सरळ रेषेत चालले होते, खाली पाण्यालगत. मागे लांब शेपट्या लहरत होत्या. आणि ते जात होते तिकडे, खूप दूर, क्षितिजावर एक काळा ठिपका होता. मी खमीसकडे पाहिलं. तो नाकासमोर बघत सुकाणू धरून होता. त्याचा जबडा आवळलेला होता.

मी सरांकडे वळले. ते माझ्याकडेच बघत होते. चेहरा पांढराफटक, डोळ्यांतून पाणी चाललेलं, आणि तोंडाने डॉक्टरांशी इंग्रजीत बोलणं चालूच. मधेच त्यांनी माझ्याशी मराठीत बोलायला सुरुवात केली, आवाज न बदलता, जणू चहाबद्दलच काही सांगताहेत.

"तिकडं बघू नको, बाय. हात जोडतो तुला. मला कळत नाय गो काय करायचं. इकडं बघ."

मी इकडे बघितलं. डॉल्फिन कधीच निघून गेले होते. सर रिकाम्या पाण्याकडे हात करून डॉक्टरांना काहीतरी दाखवत होते, आणि डॉक्टर डोळ्यांवर हाताचा आडोसा धरून, मान डोलवत, ते सांगतील तिथे बघत होत्या.